चांदण्यातला वाघ आणि दाबलेली चौकट

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्याच्या पाणवठ्यावरील मचाणातून वाघ दिसतो, पण त्याचे पट्टे सहसा दिसत नाहीत. काठावर एक लांबट, जड, सरकणारी सावली येते. तिची चाल आणि मानेचा झुकाव पाहून वाघ ओळखू येतो. मात्र तो कोणता वाघ, हे मचाणावरचा जाणता माणूसही अशा वेळी खात्रीने सांगू शकत नाही. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, तर निरभ्र आकाशातील पूर्ण चंद्र जेमतेम पाव लक्स देतो. म्हणजे चार लाखपट कमी. एवढ्या कमी प्रकाशात डोळ्याला काहीतरी दिसते, हेच मुळात नवल आहे.

ते दिसते याचे कारण डोळा एक सौदा करतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी मानवी डोळ्याच्या पडद्यावर सुमारे १२ कोटी असतात. पण तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची संख्या १० ते १२ लाखांच्या आसपास भरते. अंधारात अनेक पेशींचे संकेत एकाच तंतूवर गोळा होतात. एकट्या पेशीला लागलेला प्रकाशाचा कण गोंधळात हरवून गेला असता. शंभर पेशींनी मिळून पाठवलेला संकेत मात्र मेंदूपर्यंत पोचतो. मोबदला असा की त्या शंभरांपैकी नेमक्या कोणत्या पेशीवर प्रकाश पडला, ही माहिती कायमची जाते. सावली मिळते, पट्टे जातात.

कॅमेऱ्याच्या परिभाषेत याच सौद्याला 'बिनिंग' म्हणतात. आजचा जवळपास प्रत्येक स्मार्टफोन तो करतो आणि त्याविषयी कोणाला फारशी चिंता वाटत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मात्र पट्टे दिसणे वा न दिसणे ही सौंदर्याची बाब राहिलेली नाही. तिथे छायाचित्रातील पट्ट्यांवरून वाघाची ओळख ठरते आणि त्या ओळखीवरून कधी त्या वाघाचे, तर कधी गावातल्या माणसांचे भवितव्य ठरते. म्हणून अंधार, तपशील आणि चौकट यांचा हा इतिहास तेथूनच पाहणे योग्य.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९८६ मध्ये शेजारच्या अंधारी अभयारण्याची घोषणा झाली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. त्या काळी वाघ मोजले जात ते पाऊलखुणांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीनुसार वनरक्षक धुळीतला ठसा काचेवर गिरवीत, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढीत आणि ठशांच्या आकारावरून नर, मादी, वय यांचा अदमास बांधीत. पद्धत स्वस्त होती, गावकऱ्यांच्या ज्ञानाशी जुळणारी होती. पण एकच वाघ ओल्या मातीत आणि कोरड्या रेतीत निरनिराळा ठसा उमटवतो, हा तिचा मूळ दोष होता. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ च्या सुमारास उघड झाले, त्याच वर्षी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालील व्याघ्र कृती दलाचा अहवाल आला आणि कागदावरच्या वाघांवरचा विश्वास उडाला. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्याने घेतलेले छायाचित्र हा मुख्य पुरावा बनला.

ताडोब्यासाठी हा कॅमेरा तोवर अनोळखी नव्हता. के. उल्हास कारंथ आणि जेम्स निकोल्स यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे १९९० च्या दशकात बसवलेली पद्धत पुढे देशातील अनेक जंगलांत वापरली गेली. २००४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील ठिकाणांत ताडोबाही होते. पद्धतीचा गाभा साधा आहे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि एकाच वाघाची डावी व उजवी कूसही सारखी नसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे. उष्ण देह समोरून गेला की दोन्ही कुशी एकाच क्षणी टिपल्या जातात. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमा झाली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. उरलेल्या साडेतीन कोटींत हरणे, रानडुकरे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत.

या पट्ट्यांना कायद्याचे वजन आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघाबाबत परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा; आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती सांगते की हल्ल्याच्या परिसरात कॅमेरे लावून वाघाची ओळख पटवावी आणि ती उपलब्ध नोंदींशी ताडून पाहावी. ऑक्टोबर २०२० मध्ये राजुरा भागात जेरबंद झालेला 'आरटी-१' आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा येथे पकडला गेलेला 'सीटी-१' यांची नावे या भागात अजून निघतात. सीटी-१ वर वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांतील १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. अशा वेळी चूक दोन्हीकडून महाग पडते. भलताच वाघ पिंजऱ्यात गेला तर एक निरपराध जनावर कायमचे कैदी होते. आणि खरा हल्लेखोर मोहफुले वेचणाऱ्यांच्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या वाटेवर मोकळाच राहतो.

आता अंधाराच्या सौद्याकडे. तो सेन्सरच्या फार आधीचा आहे.

रासायनिक फिल्मवर चांदीच्या संयुगाचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाशाचे मोजके कण लागले की संपूर्ण स्फटिक धुण्याच्या वेळी काळा होतो. स्फटिक मोठा असेल तर त्यावर प्रकाश पडण्याची शक्यता अधिक, म्हणून फिल्म 'वेगवान'. पण चित्रही तेवढेच भरड, कणीदार. कमी उजेडात टिपलेल्या जुन्या छायाचित्रांत जी रवाळ पोत दिसते, ती या सौद्याची पावती होय. यातून सुटण्याचा एकच मार्ग होता: जंगलात प्रकाश आपणच न्यायचा. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात तेच केले. वाघाच्या वाटेवर तार ताणायची, वाघाचा पाय तारेत अडकला की मॅग्नेशियमची भुकटी पेटून लख्ख उजेड पडायचा आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याचा पडदा उघडायचा. १९२७ च्या 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' या त्यांच्या पुस्तकातील रात्रीच्या चित्रांत पट्टे स्वच्छ दिसतात. शिकाऱ्यांच्या त्या पिढीत बंदुकीऐवजी तारेने वाघ 'मारणारा' हा गृहस्थ विक्षिप्तच ठरला असावा.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी हे उपकरण कल्पिले; त्यासाठी २००९ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. प्रकाश पडला की सेन्सरच्या प्रत्येक घरात विद्युतभार साचतो, आणि तो घरोघर सरकवत शेवटी मोजला जातो. येथे सौदा पहिल्यांदाच माणसाच्या हुकमतीत आला. शेजारच्या घरांतला भार मोजण्यापूर्वीच एकत्र ओतता येऊ लागला.

हे समजण्यासाठी गडचिरोलीतल्या मोहफुलांच्या खरेदीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. नऊ लहान टोपल्या आहेत आणि काटा दर वजनाला थोडा इकडेतिकडे होतो. प्रत्येक टोपली वेगळी मोजली तर नऊ वेळा चूक होते. नऊही टोपल्या एका मोठ्या पाटीत ओतून एकदाच मोजल्या तर चूक एकदाच होते. मात्र कोणत्या टोपलीत किती फुले होती, हे मग कोणालाच सांगता येत नाही. सीसीडीचे बिनिंग म्हणजे ही पाटी. दूरच्या तेजोमेघांचा मिणमिणता प्रकाश टिपणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी ते आनंदाने स्वीकारले, कारण त्यांना प्रत्येक फोटॉनची किंमत होती.

आजच्या कॅमेऱ्यांतील सीमॉस सेन्सर बहुधा वेगळ्या रीतीने चालतात. ते टोपल्या वेगवेगळ्या मोजून नंतर बेरीज करतात. नऊ मोजण्यांतल्या चुका काही अंशी एकमेकींना छेद देतात, त्यामुळे एकूण चूक नऊपट न होता तिप्पट होते. संकेत मात्र नऊपट वाढतो. फायदा आहेच, पण पाटीएवढा नाही. शिवाय कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या एकस्वापासून रंगीत सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांचा चौकटबंद पट घातलेला असतो. लगतची दोन घरे भिन्न रंगांची असल्याने बेरीज एकाआड एक येणाऱ्या समरंगी घरांचीच करावी लागते. मोहफुले आणि तेंदूपत्ता एका पाटीत ओतून चालत नाही, तसेच हे.

इतिहासाचा पुढचा टप्पा चलच्चित्राचा आहे आणि त्याची सुरुवात एका आळशी युक्तीने झाली. २००८ मध्ये आलेल्या कॅनन ५डी मार्क २ या स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याने चलच्चित्रही टिपता येऊ लागले. त्याचा सेन्सर २१ मेगापिक्सेलचा. सेकंदाला ३० वेळा तो संपूर्ण वाचणे त्या यंत्राला झेपणारे नव्हते. म्हणून तीन ओळींपैकी एकच वाचून दोन सोडून दिल्या जात. टोपल्या एकत्र ओतण्याऐवजी दोन टोपल्या फेकून देण्याचाच हा प्रकार. त्याची शिक्षा तत्काळ मिळे. बारीक, समांतर, दाट रेषा असलेल्या कोणत्याही विषयावर मूळ दृश्यात नसलेल्या लाटा उमटत, रंगीत झालर हलत राही. मोहर्लीच्या रस्त्यालगतचे बांबूचे बेट, सागाच्या रोपवनातील रांगा, वाळक्या गवताची पाती असे सारे जंगलच अशा रेषांचे बनलेले असते. २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये ही युक्ती सुधारली गेली. त्याच्या सेन्सरची रुंदी ५,७६० पिक्सेल. तीन गुणिले तीन घरांची बेरीज केली की बरोबर १,९२० उरतात. लाटा जवळपास नाहीशा झाल्या आणि अंधारातील चित्र शांत झाले.

पण ते चित्र कार्डावर लिहिताना दुसरी काटछाट होई. सेन्सरने १४ बिटांत, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांत मोजलेला उजेड ८ बिटांच्या २५६ पायऱ्यांत कोंबला जाई, वर आकुंचनाचा वरवंटा फिरे. सावलीत उभ्या जनावराच्या अंगावरील काळा पट्टा आणि गडद तांबूस कातडी यांतला फरक नेमका त्या खालच्या मोजक्या पायऱ्यांत असतो. तो पुसला जाई.

येथे 'मॅजिक लँटर्न' नावाची मंडळी या कथेत येतात. ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने २००९ मध्ये सुरू केलेली ही मुक्त संगणकप्रणाली कॅननच्या कॅमेऱ्यात कार्डावरून चालत असे आणि यंत्राच्या निर्मात्याने बंद ठेवलेली दारे उघडत असे. नाव जुन्या प्रक्षेपणयंत्रावरून घेतलेले. मराठी वाचकाला ते यंत्र परके नसावे: कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात त्याचेच खेळ 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने सुरू केले होते, दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या सुमारे वीस वर्षे आधी. २०१३ मध्ये मॅजिक लँटर्नच्या मंडळींनी कॅमेऱ्यातून रॉ चलच्चित्र, म्हणजे सेन्सरच्या मोजणीचे आकडे जसेच्या तसे, बाहेर काढून दाखवले. १,९२० गुणिले १,०८० पिक्सेल, प्रत्येकी १४ बिट, सेकंदाला २४ चौकटी: हिशेब केला तर सेकंदाला ८७ मेगाबाइट, मिनिटाला पाच गिगाबाइटहून अधिक. हौशी माणसांची कार्डे मिनिटा-मिनिटाला भरू लागली, पण पूर्वी निगेटिव्ह जवळ असण्याला जे मोल होते, ते पुन्हा हाती आले.

मग हाव वाढली. सेन्सरची सगळी घरे का वाचू नयेत? उत्तर अंकगणितात होते. ५,७६० गुणिले ३,८४० घरे, १४ बिट, २४ चौकटी म्हणजे सेकंदाला सुमारे ९३० मेगाबाइट. त्या कॅमेऱ्याचे कार्ड याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पेलू शकत असे. तेव्हा एक मधला मार्ग निघाला. आडव्या दिशेने तीन-तीन स्तंभांची बेरीज करायची, उभ्या दिशेने मात्र एकही ओळ न सोडता सगळ्या वाचायच्या. ओझे एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर येते. तरीही ते जास्तच असल्याने वरखालचा भाग कापणे, बिट कमी करणे, चौकटींचा वेग घटवणे असे उपाय जोडावे लागत. हाती येणारे चित्र विलक्षण दिसते. माणसे काड्यांसारखी उंच, गाड्या उभ्या पेटाऱ्यांसारख्या. संगणकावर ते आडवे तिप्पट ताणले की जग पुन्हा प्रमाणात येते. या रीतीला 'ॲनामॉर्फिक' म्हणू लागले, कारण असे दाबलेले चित्र सिनेमाने फार पूर्वी पाहिले होते.

फ्रान्सचे आंरी क्रेतियाँ यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'हायपरगोनार' नावाचे भिंग तयार केले. ते रुंद दृश्य आडवे दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवी. प्रक्षेपणाच्या वेळी उलट भिंगाने ते पुन्हा पसरे. क्लोद ओतां-लारा यांनी जॅक लंडनच्या कथेवर त्याच भिंगाने एक लघुपट केला, पण चित्रपटगृहांना त्यात रस वाटला नाही आणि भिंग दोन दशके अडगळीत पडले. दूरचित्रवाणीने प्रेक्षक पळवायला सुरुवात केल्यावर हॉलिवूडच्या फॉक्स कंपनीला त्याची आठवण झाली. १९५३ च्या 'द रोब'ने सिनेमास्कोप जगभर पोचवला. भारतात गुरुदत्त यांचा १९५९ चा 'कागज़ के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती.

नावातले हे साम्य फसवे आहे, आणि या साऱ्या इतिहासातली खरी मेख तेथेच आहे. क्रेतियाँचे भिंग दृश्य दाबत असे ते फिल्मपर्यंत पोचण्यापूर्वी, प्रकाशाच्या अवस्थेत. नेहमीच्या भिंगाला दिसले नसते तेवढे रुंद जग ते आत घेई, आणि फिल्मचा जो वरखालचा भाग एरवी वाया गेला असता तो कामी लावी. सेन्सरवरील स्तंभांची बेरीज दृश्य दाबते ती प्रकाश घरांत साचल्यानंतर. चौकटीत नवे काही येत नाही. आडव्या दिशेचा दोन-तृतीयांश तपशील जातो आणि ताणताना संगणक त्या जागा शेजारच्यांवरून अंदाजाने भरतो. दिसायला दोन्ही चित्रे सारखीच काडीमोडी. एकात जग दुमडून ठेवलेले असते, दुसऱ्यात ते कापून ठेवलेले असते.

सपाट मैदान, क्षितिज, चालता माणूस अशा विषयांत डोळ्याला ही कापणी सहसा जाणवत नाही. वाघाच्या बाबतीत मात्र ती वर्मावर बसते. आडव्या चालणाऱ्या वाघाच्या कुशीवरील पट्टे साधारणपणे उभे, पाठीकडून पोटाकडे उतरणारे असतात. उभ्या रेषा एकमेकींपासून वेगळ्या दिसायच्या तर आडव्या दिशेचा तपशील लागतो, आणि ही रीत नेमका तोच खर्च करते. समजा दीड मीटर लांबीची कूस चित्रात १५० स्तंभ व्यापते. म्हणजे एका स्तंभाला एक सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरचा अरुंद पट्टा दोन स्तंभांत स्पष्ट उमटतो, त्याचे टोक जेथे दुभंगते तेही दिसते. तीन स्तंभांची बेरीज केली की ५० स्तंभ उरतात, प्रत्येक तीन सेंटिमीटरचा. दोन सेंटिमीटरचा पट्टा आणि शेजारची तांबूस कातडी आता एकाच घरात मिसळते. पट्टा दिसेल, पण एक की दोन जवळजवळचे, याची शाश्वती नाही. उभ्या दिशेने राखलेल्या असंख्य ओळी तोच संदिग्ध पट्टा अतिशय बारकाईने वरपासून खालपर्यंत दाखवीत राहतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू मजेशीर आहे. कॅमेरा नव्वद अंशांत आडवा बांधला तर स्तंभांची बेरीज पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने होईल. तिथे तीन घरांत मुळात फारसा फरक नसतो. प्रकाश तिप्पट मिळेल आणि पट्टे बव्हंशी शाबूत राहतील. कोणता तपशील द्यायचा हे ठरवण्यापूर्वी विषयाचा कल पाहावा लागतो, हे सिनेमाच्या पडद्याने शिकवले नाही. वाघाची कातडी ते शिकवते.

जंगलात झाडाला बांधलेले कॅमेरे अर्थातच मॅजिक लँटर्नवर चालत नाहीत, ते रॉ नोंदवत नाहीत. पण त्यांच्यावरही हाच सौदा लादलेला असतो, अधिक कंजूषपणे. बॅटरी महिनाभर पुरायला हवी, किंमत आवाक्यात हवी, म्हणून सेन्सर लहान. खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा मोठा आकडा पुष्कळदा संगणकीय ताणाताणीचा असतो. आतली घरे त्याच्या अंशाएवढीच. रात्री अवरक्त दिव्याच्या मंद उजेडात टिपलेले चित्र करडे येते आणि उघडीप लांबल्याने चालत्या वाघाची कूस फराटते. म्हणून वाघांच्या नोंदीसाठी पांढरा फ्लॅश मारणारे कॅमेरे पसंत केले जातात. चॅम्पियनची मॅग्नेशियम भुकटी शंभर वर्षांनी वेगळ्या वेषात परतली आहे, असेच म्हणावे लागेल. फ्लॅशने जनावर बुजण्याची शक्यता वाढते, वाटेवरून जाणाऱ्या माणसाच्याही तो डोळ्यांत भरतो आणि कॅमेरे चोरीला जातात. तरीही पट्ट्यांसाठी ही किंमत मोजली जाते.

त्यातही एक दाब असा आहे, जो ना भिंगाचा ना सेन्सरचा. वाघ कॅमेऱ्यासमोरून सरळ आडवा जाईलच असे नाही. तो वळला की कूस आखूड दिसते. साठ अंशांत वळलेला वाघ बरोबर निम्म्या लांबीचा दिसतो, कारण साठ अंशांचा कोसाइन अर्धा. क्रेतियाँच्या भिंगाचा दाबही दुपटीचाच होता! २००९ मध्ये लेक्स हायबी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत या नैसर्गिक दाबावरचा उतारा आहे. संगणकात वाघाच्या देहाचा त्रिमित साचा असतो. छायाचित्रातील खांदा, कंबर, शेपटीचे मूळ अशा खुणा त्यावर बसवल्या की संगणक कूस 'सरळ' करून पट्ट्यांचा सपाट नकाशा काढतो आणि तो साठ्यातील इतर नकाशांशी जुळवून पाहतो. एक्स्ट्रॅक्ट-कम्पेअर या नावाने ही प्रणाली भारतातील गणनेत वापरली जाते. प्रक्षेपकापुढचे उलट भिंग जे काम करी, तेच काम हा साचा करतो. आणि त्याचीही मर्यादा तीच: दुमडलेले तो उलगडू शकतो, पण एका घरात मिसळलेले दोन पट्टे वेगळे करू शकत नाही.

२००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघांचा अंदाज होता; २०१८ मध्ये ३१२, २०२२ मध्ये ४४४. यांतला फार मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा, आणि त्यातलेही पुष्कळ वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेबाहेर, ब्रह्मपुरीच्या धानशेतांलगतच्या झुडपी जंगलात. तेथून वैनगंगा ओलांडून तरणे वाघ गडचिरोलीत उतरतात. दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाचा असलेल्या या जिल्ह्यात मधल्या काळात वाघ फारसे उरले नव्हते, त्यामुळे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची नोंद शेजारच्या साठ्यात शोधावी लागते. एका गावालगत हल्ला होतो, पायवाटांवर कॅमेरे बांधले जातात, रोज सकाळी कार्डे काढून वनकर्मचारी संगणकासमोर बसतात. एखाद्या रात्री एकाच कॅमेऱ्याला वाघ सापडतो, दुसऱ्याची बॅटरी संपलेली असते. मिळालेली कूस डावी असते, आणि जुन्या नोंदीतल्या संशयित वाघाची फक्त उजवी कूस उपलब्ध असते. अशा वेळी चित्र कितीही स्वच्छ असले तरी जुळणी होत नाही. कॅमेरे पुन्हा बांधले जातात आणि दुसरी कूस मिळेपर्यंत गावाला जंगलात न जाण्याची दवंडी दिली जाते.